लिंबाला सांगून या

बाई चपलांवरून माणसं ओळखायच्या. चेहऱ्याकडं बघून त्यांना काही बोध होत नसे. दौंडच्या बाजारात रोजच्या शेजारणीनं हाक मारली तरी त्या आधी खाली बघत. अंगठ्याजवळ शिवलेला पट्टा दिसला की मग म्हणत, "हां, तुम्ही होय." मला त्या 'टाच झिजलेले शिरूरचे' म्हणायच्या. माझी डावी टाच बाहेरच्या अंगानं झिजते, हे त्यांनी सांगेपर्यंत मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

त्यांचं नाव इथं घालत नाही. घातलं तर दौंडची जुनी माणसं लगेच ओळखतील, आणि मला शेवटी जे सांगायचंय ते मग माझ्यानं सांगवणार नाही.

स्टेशनच्या पलीकडं एक कोळशाची वखार होती. ती तेव्हा बंद पडलेली होती, म्हणूनच बाईंनी तिच्यामागच्या दोन खोल्या घेतल्या. पुढं अंगण, अंगणात एक जुना कडुलिंब. दारावर 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी. नव्वदचं दशक सरत आलं होतं, आणि हा शब्द आमच्याकडं कुणाच्या तोंडात बसत नव्हता. रिक्षावाले सरळ विचारायचे, "येड्यांच्या बाईकडं का?" आणि आपण इकडंतिकडं बघत मान हलवायची. बाईंना हे माहीत होतं. "पत्ता कळला ना? मग झालं," एवढंच त्या म्हणायच्या.

त्या पाटीखाली दुसरी एक पाटी होती. तिच्यावर बाईंनी स्वतःच्या हातानं पांढऱ्या रंगात लिहिलेलं : 'काय येत नाही ते लिंबाला सांगून या. मग आत या.'

लोकांना आधी ती थट्टा वाटे. आत शिरून आईबापांनी "हा बोलत नाही, हा ऐकत नाही, ह्याला शेंबूड पुसता येत नाही" अशी सरबत्ती लावली की बाई दोन्ही कानांवर हात ठेवायच्या आणि कोपरानं अंगण दाखवायच्या. "पोरगं इथं बसलंय. त्याला ऐकू येतं, माहीत आहे ना? जन्मल्यापासून तेच ऐकतंय. कमी काय आहे ते साऱ्या गावाला पाठ आहे. त्याला काय येतं ते मला सांगा." मग तो बाप चरफडत बाहेर जायचा, लिंबापुढं उभा राहून दोन मिनिटं खोकायचा आणि परत यायचा. पण काही माणसं खरंच बोलत बसायची. एक सासवडची बाई लिंबाच्या बुंध्याला डोकं टेकून तासभर बोलली, असं मी ऐकलंय.

लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही होती. प्रत्येकाला एक पान. वर नाव, खाली एकच शब्द, 'येतं'. त्याच्या पुढं सगळा मजकूर. 'येत नाही' असा रकाना त्या वहीत नव्हताच. एकदा एका शाळेचे हेडमास्तर एका पोराला घेऊन तावातावानं आले. म्हणाले, "हा वर्गात बसतच नाही."

"उभा राहतो?" बाईंनी विचारलं.

"उभा राहतो ना! दिवसभर भिंतीला टेकून उभा!"

"आणि उभा राहून ऐकतो?"

हेडमास्तरांनी नाइलाजानं होकारार्थी मान हलवली. बाईंनी वहीत लिहिलं : दिवसभर उभं राहता येतं, उभ्यानं शिकता येतं. वर त्यांना म्हणाल्या, "तुम्हाला येतं का दिवसभर उभं राहता? बघा बरं एकदा." हेडमास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण पोराला पुढं उभं राहू दिलं म्हणे.

बाईंची स्वतःची तऱ्हाही काही कमी नव्हती. मे महिन्यात दौंडला माणूस उकडून निघतो, पण त्यांच्या खोलीत पंखा बंद. त्याची घरघर त्यांना सोसत नसे. ट्यूबलाइट काढून टाकलेली, भिंतीवर घड्याळ नाही, फोन नाही. कानात कायम कापसाचे बोळे. कपाटात एकाच राखाडी रंगाची आठ लुगडी. जेवायला रोज दहीभात, पण दही आणि भात ताटात एकमेकांना लागता कामा नयेत. दोन घास भाताचे, एक चमचा दह्याचा. मी एकदा न राहवून म्हणालो, "बाई, पोटात गेल्यावर काय करता?" त्या गंभीरपणे म्हणाल्या, "तिथं मला दिसत नाही." नवरा रेल्वेत, भुसावळला. ह्यांचं कसं चालतं असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "उत्तम चालतं. ते तिकडे असतात."

दौंडमध्येच एक चाळिशीचा माणूस होता. तो लोकांची कुलपं उघडायचा. तार, पिन, काय हाताला लागेल त्यानं उघडायचा आणि उघड्या दाराशी कुलूप मांडीवर घेऊन बसायचा. घरातली काडीसुद्धा हलवत नसे. पण उघड्या दारात बसलेल्या माणसाला लोक काय ओवाळणार? तीनदा बेदम मार खाल्ला होता. त्याच्या भावानं त्याला खाटेला बांधून ठेवलं होतं. बाईंनी त्याला सोडवून आणलं आणि स्टेशनजवळच्या किल्लीवाल्याच्या टपरीवर नेऊन बसवलं. किल्लीवाला तयार होईना, तेव्हा बाई स्वतः आठ दिवस त्या टपरीत मांडीला मांडी लावून बसल्या. राखाडी लुगडं, कानात कापूस, बाहेर टांगेवाले हसतायत. आठ दिवसांनी किल्लीवालाच म्हणाला, "बाई, तुम्ही जावा आता. ह्याचा हात माझ्यापेक्षा भारी हाय." पुढं किल्ली हरवली की दौंडची माणसं त्यालाच बोलवायला लागली. ज्यांनी मारलं होतं तीही.

"बिघाड यंत्रात असतो," बाई म्हणायच्या. "माणसाची ठेवण असते. ठेवण बदलत नाही, जागा बदलायची."

ही वाक्यं आता मला सहज आठवतात. तेव्हा मी ती एका कानानं ऐकत होतो. मी दौंडला गेलो होतो ते शहाणपण शिकायला नव्हे. मला माझी बहीण कुठंतरी लावून द्यायची होती.

आम्ही शिरूर तालुक्यातल्या निमोण्याचे. पिढीजात मेंढरं राखणारे. मी एकोणीस वर्षांचा होईस्तोवर दोनशे मेंढरं होती, नंतर पाटाचं पाणी आलं तसा वडलांनी कळप विकला आणि शेती धरली. मी रांजणगावच्या एका कंपनीत लागलो. सिंधू माझ्याहून सात वर्षांनी लहान. ती चार वर्षांची होईस्तोवर बोललीच नाही, बोलली ती पहिल्यांदा मेंढरांशी. दिवसा मेंढरं चरायला गेली की कोकरं मागं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, ठेवतात. सांजेला कळप परतला की एकेक कोकरू त्याच्या आईला लावून द्यायचं. साठ-सत्तर कोकरं, सगळी काळी, सगळी ओरडतायत. आमचे वडीलसुद्धा चुकायचे. सिंधू सहा वर्षांची असल्यापासून कधी चुकली नाही.

कळप विकला त्या दिवशी ती बारा वर्षांची होती. सांजेला मोकळ्या वाघरीत जाऊन उभी राहिली आणि पुढंमागं डुलत ओरडली. दुसऱ्या दिवशी ओरडली, तिसऱ्या दिवशीही. वर्षभर रोज, त्याच वेळेला. गाव म्हणालं झपाटलंय. देवऋषी झाले, अंगारे झाले, लिंबं उतरवून झाली. मग ती ओरडायची थांबली आणि नुसती बसून राहायला लागली. वडील गेले. माझं लग्नाचं वय झालं. न्हावऱ्याचं एक स्थळ आलं, मुलगी पसंत पडली, सगळं जमलं. मुलीकडच्यांनी एकच विचारलं, "त्या पोरीचं फुडं कोन बघनार?"

बाईंचा पत्ता मला कंपनीतल्या दौंडच्या सुपरवायझरनं दिला. आई, सिंधू आणि मी एसटीनं न्हावरा, चौफुला करत दौंडला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. आईला पाटी वाचून दाखवली. तिनं पदर डोक्यावर घेतला, लिंबाला हात जोडले आणि मला म्हणाली, "तू बी थांब रं हितं. येकटीला लाज वाटती."

मी थांबलो. सिंधू लांब पायरीवर बसली होती. आई देवापुढं बोलावं तसं बोलली.

"बाबा लिंबा, काय सांगू तुला. सतरा वर्साची घोडी झाली, येनी घालता येत न्हाई. मानसात बसत न्हाई. पावनं आलं की गोठ्यात जाऊन बसती. येकदा न्हानपणी पोटात दुखतंय म्हनून लई रडली, तवा तिच्या बापानं धरली आन् म्या डागली. विळा तापवून. ह्या हातानं डागली, बाबा. तवापासून रडतच न्हाई. दुखलं-खुपलं तरी तोंडानं सांगत न्हाई. हातातल्या बांगड्या काढती आन् वळीनं मांडून ठिवती. तेवढ्यावरनं वळखायचं. म्या मेल्यावर कोन वळखील?"

अजूनही पुष्कळ बोलली. मी घड्याळ बघत होतो. परतीची गाडी दोनची होती.

आत गेल्यावर बाईंनी आमच्या पायांकडं पाहिलं आणि विचारलं, "लिंबाला सांगून झालं सगळं? काही राहिलं?"

"झालं," मी म्हणालो. "काही राहिलं नाही."

सिंधू टेबलाखाली जाऊन बसली. मला वाटलं आता बाई तिला ओढून काढतील, तिच्यापुढं चित्रं धरतील. बाई जमिनीवर बसल्या, तिच्याकडं पाठ करून. तासभर. एक शब्द नाही. मी घामानं निथळत होतो. मग त्या उठल्या, बाहेर गेल्या आणि पायरीवरच्या सगळ्यांच्या चपला, आमच्या आणि बाहेर थांबलेल्या तीनचार घरांच्या, ओच्यात भरून आणल्या आणि जमिनीवर ओतल्या.

सिंधूनं टेबलाखालून पाहिलं. जरा वेळानं बाहेर आली. एकेक जोड लावला. नुसता लावला नाही, ज्याचा त्याच्यापुढं नेऊन ठेवला. अंगणात जाऊन, ज्या माणसांकडं तिनं येताना मान वर करूनही बघितलं नव्हतं, त्यांच्या पायांपुढं बरोब्बर. माझ्यापुढं माझा जोड ठेवला. डावी टाच झिजलेली.

बाई हसल्या. मी त्यांना हसताना तेव्हाच काय ते पाहिलं. "ही तर माझीच," म्हणाल्या. त्या असं का म्हणाल्या ते मला फार उशिरा कळलं. चपलांवरून माणसं ओळखणारी, आवाज न सोसणारी, भाताला दही लागू न देणारी बाई सिंधूसारख्याच ठेवणीची होती. फक्त तिला लहानपणी कुणी डागलं नसावं.

"हे कुठं शिकली ही?" बाईंनी विचारलं, आणि आईचा बांध फुटला. "आवो, आमच्या मेंढरांची कोकरं लावायची ती! दोनशे मेंढरं हुती. येक बी चुकत नव्हती!" बाईंनी वही ओढली. त्या दिवशी सिंधूचं अख्खं पान भरलं. आई सांगत होती आणि बाई लिहीत होत्या. तोंड बघून मेंढरू ओळखता येतं. पाऊस यायच्या आधी कळतं. भाकरी गोल करता येते. गर्दीत कान झाकून घेता येतात. आई ज्याला खोड म्हणायची ते बाई फिरवून लिहायच्या, आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचायच्या, सिंधूला ऐकू जाईल असं. ती भिंतीकडं तोंड करून उभी होती, पण जागची हलली नाही. स्वतःबद्दल एवढं बरं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. मीही तिच्याबद्दल ऐकलं नव्हतं.

पाटसच्या अलीकडं एका बागाईतदारानं मेंढ्यांचा फार्म काढला होता. पैदाशीचे नर तयार करून विकायचा धंदा. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. बाई सिंधूला घेऊन त्यांच्याकडं गेल्या, लेंड्यांमध्ये फतकल मारून बसल्या आणि ती कोकरं कशी लावते ते आप्पांना बघायला लावलं. आप्पा तिथंच म्हणाले, "पोर हितंच राहूंद्या. माझ्या मंडळीच्या नजरंखाली राहील." बाईंनी वहीतलं पान स्वच्छ अक्षरात उतरवून दिलं. आप्पांनी ते प्लॅस्टिकमध्ये घालून गोठ्याच्या भिंतीला लावलं, म्हणजे गड्यांना कळावं की ह्या पोरीला काय काय येतं.

मी न्हावऱ्याला निरोप धाडला की बहिणीचं मार्गी लागलं.

ती तिथं आठ महिने होती. हे आठ महिने खरे होते, एवढं मला लिहून ठेवायचंय. मी दिवाळीत गेलो तर ओळखू येईना. अंगानं भरली होती, आप्पांच्या बायकोनं वेणी घातलेली होती, दोन्ही हातांत लाल-निळ्या काचेच्या बांगड्या. मला हाताला धरून वाघरीशी नेलं, एक कोकरू उचललं, समोरच्या मेंढीकडं बोट केलं आणि म्हणाली, "दाद्या, हे तिचं." तिनं मला हाक मारल्याचं मला आठवतं ते तेवढंच. बाई दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जायच्या आणि पानावर नवीन काय ते लिहून आणायच्या.

माघात मेंढ्या व्यायला लागल्या, कामाची धांदल उडाली. एका शुक्रवारी कंपनीच्या गेटवर फोन आला. मी गावी जाऊन आईला घेतलं आणि दौंडच्या दवाखान्यात पोचलो तोवर सगळं संपलं होतं. अपेंडिक्स फुटून दिवस उलटला होता. डॉक्टर मलाच विचारत होते, "इतकं दुखत असताना ही मुलगी उभी कशी राहिली?"

आप्पा भिंतीला टेकून लहान पोरासारखे रडत होते. "आवो, काल सांजच्याला बी कोकरं लावली तिनं. येक चुकलं न्हाई. जेवत नव्हती नीट, पर म्हनलं काम लई हाय, दमली आसंल. आज पहाटं वाघरीतच पडली." मग त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून आईच्या हातात दिली. "ह्या तिच्या बांगड्या. गोठ्याच्या भिताडावर मांडून ठिवल्या हुत्या. फुटतील म्हनून म्याच उचलून देवळीत ठिवल्या."

आईनं पुरचुंडी सोडली. "ह्या कवा काढल्या हुत्या?"

"चार दिस झालं आसतील. का वो?"

आई खाली बसली. एकेक बांगडी दवाखान्याच्या फरशीवर ओळीनं मांडत गेली. बारा होत्या. मांडून झाल्यावर वर माझ्याकडं बघून म्हणाली, "म्या सांगितलं हुतं की रं. लिंबाला सांगितलं हुतं. तू बी हुतास तवा." पुन्हा तिनं हा विषय आयुष्यात काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

आप्पांना बाईंपुढं जायची हिंमत झाली नाही, आणि बाईंकडं फोन नव्हता. दहावं झाल्यावर मीच गेलो. डोकं भादरलेलं, मिशा काढलेल्या. दुसरं कुणीही दचकलं असतं. बाईंनी खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "टाच झिजलेले. या. मागच्या मंगळवारी मला ताप होता, जाता आलं नाही. सिंधूचं पान भरलंय, नवं लावते." वही उघडली, पेन उचललं. "बोला. ह्या महिन्यात नवीन काय येतं?"

मी सांगितलं.

त्या पुढंमागं डुलायला लागल्या. तोंडातून आवाज नाही, डोळ्यांत पाणी नाही, नुसतं पुढंमागं. सिंधू मोकळ्या वाघरीत अशीच डुलायची. मग थांबून म्हणाल्या, "कळायला काहीच मार्ग नव्हता?"

"होता," मी म्हणालो, आणि बांगड्यांचं सांगितलं. आईनं ते लिंबाला सांगितल्याचंही सांगितलं.

बाईंनी जुनं पान काढलं. खाली जागा नव्हती, समासात आडवं लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, नेहमीसारखं. "दुखलं की बांगड्या काढून ओळीनं मांडते. सांगता येतं." पेन खाली ठेवलं. "हे तिला येतच होतं. आईला वाटलं, हे न येण्यातलं. म्हणून ती ते बाहेर ठेवून आली. आणि बाहेर मीच पाठवलं."

त्यांनी समासातल्या त्या आडव्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं.

"त्या वेळी आईबरोबर लिंबापाशी कोण होतं?"

त्यांनी ते आरोप करायला विचारलं नव्हतं. त्यांना तपशील पुरा लागे, एवढंच. आणि त्या रागावल्या नसत्या, राग त्यांच्या ठेवणीत नव्हता. तरी मला वाटलं, आत्ता खरं सांगितलं तर ही बाई पहिल्यांदा मान वर करून माझं तोंड बघेल, आणि ते तोंड तिच्या कायमचं ध्यानात राहील.

"कुणी नाही," मी म्हणालो. "आई एकटीच होती."

"म्हणजे ऐकायला कुणीच नव्हतं."

"नाही."

"मग माझंच," बाई म्हणाल्या, आणि वही मिटली.

चार महिन्यांनी माझं लग्न झालं. मध्यस्थ मला बाजूला घेऊन म्हणाला, "आता काय आडचन न्हाई राहिली." तो वाईट माणूस नव्हता, त्याला ते समाधानानंच म्हणायचं होतं. मी मान हलवली.

पावसाळ्यानंतर बायकोला तिच्या मावशीकडं दौंडला घेऊन गेलो होतो. तिथून स्टेशनकडं जायला सरळ रस्ता होता. मी तो सोडून वखारीच्या बाजूला का वळलो, ते मला सांगता यायचं नाही. वखार पुन्हा सुरू झाली होती. दोन ट्रक लागलेले, फावड्यांचा खडखडाट, हमालांची आरडाओरड, हवेत काळा धुरळा. आणि त्या सगळ्यात, अंगणात लिंबाखाली, लोखंडी खुर्ची टाकून बाई बसल्या होत्या.

दारावरची दुसरी पाटी काढलेली होती. भिंतीवर तिच्या खिळ्यांची भोकं तेवढी दिसत होती. एक खेडवळ बाई लिंबाकडं तोंड करून, पदरानं डोळे पुसत बोलत होती. तिच्या पाठीमागं बाई गुडघ्यावर वही ठेवून शब्द न् शब्द लिहीत होत्या. फावडं दगडावर घासलं की त्यांचं सगळं अंग आकसायचं. पण कानांत कापूस नव्हता. दोन्ही बोळे वहीच्या कडेला, एकापुढं एक, ओळीनं ठेवलेले होते.

आमची चाहूल लागून त्यांनी मान वळवली. खाली माझ्या पायांकडं पाहिलं. माझ्या पायांत लग्नातले नवे काळे बूट होते. बराच वेळ त्या बुटांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कोण?"

आवाज ओळखतील म्हणून मी तोंड उघडलं नाही. बायकोनंच विचारलं, "बाई, ठेसन कुठनं जवळ पडंल?"

"सरळ जा. फाटकाशी उजवीकडं," बाईंनी सांगितलं आणि त्या पुन्हा पाठमोऱ्या बाईकडं वळल्या. "हं, बोला तुम्ही. काही गाळू नका. ऐकायला मी आहे."

आम्ही निघालो. फाटकापाशी आल्यावर बायकोनं विचारलं, "तुमच्या वळखीच्या हुत्या का त्या?"

"न्हाई," मी म्हणालो.